पाब्लो हनी : यात मध कुठून आला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम 'पाब्लो हनी', त्याचं नाव प्रश्नकर्त्याने एका लेखात कंसात 'पाब्लोचा मध' असं दिलं, मित्र खो खो हसला, तर यात चुकलं काय? आणि जाता जाता, डेब्यू अल्बमला 'पदार्पण अल्बम' म्हणावं का?

मित्र हसला ते बरोबर, पण तुमची चूक समजण्यासारखी आहे. हनी म्हणजे मध हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, हनीमूनचा तर आपण शब्दाला शब्द ठेवून मधुचंद्र केला आणि तो इतका छान रुळला की आता कुणाला ते भाषांतर वाटतही नाही. त्यात या अल्बमच्या कव्हरवर फूल, मग मध आठवणारच. पण त्या फुलाच्या मधोमध काय आहे बघा, एका तान्ह्या बाळाचा चेहरा!

खरी गोष्ट अशी की हे नाव आलंय एका फोनवरच्या थट्टेतून. अमेरिकेत जर्की बॉइज म्हणून एक जोडी होती, लोकांना खोटे फोन करून पिडायचं आणि ते रेकॉर्ड करायचं हाच त्यांचा उद्योग. त्यातल्या एका फोनवर ते समोरच्याची आई असल्याचं सोंग करून म्हणतात, पाब्लो, हनी, प्लीज फ्लोरिडाला ये. रेडिओहेडच्या, म्हणजे ऑक्सफर्डच्या या पाच पोरांना ते भलतंच आवडलं, अल्बममधल्या तिसऱ्या गाण्यात, 'हाऊ डू यू'मध्ये, त्यांनी तो तुकडा वापरलासुद्धा आहे. आम्ही सगळेच आईची लाडकी पोरं, म्हणून नाव आम्हाला शोभतं, अशा अर्थाचं बँडचा गायक थॉम यॉर्क नंतर बोललाय. (नावांच्या बाबतीत ही मंडळी तशी निवांतच, शाळेत शुक्रवारी तालीम करायचे म्हणून बँडचं आधीचं नाव 'ऑन अ फ्रायडे', रेकॉर्ड कंपनीने बदला म्हटल्यावर टॉकिंग हेड्स या दुसऱ्या बँडच्या एका गाण्याचं नाव उचललं.)

म्हणजे इथला हनी हे संबोधन आहे, आईने मारलेली हाक. मग घोळ कुठे झाला? स्वल्पविरामात! बोलताना पाब्लो म्हटल्यावर आवाज जरा थांबतो, लिहिताना तिथे स्वल्पविराम हवा, तो कव्हरवर नाहीये, त्यामुळे हनी हे पाब्लोचं आडनाव वाटतं, मी स्वतः कित्येक वर्षं हा कुणीतरी स्पॅनिश गृहस्थ असेल असं धरून चाललो होतो.

आता मला यात मजा वाटते ती मराठीची. इंग्रजीत हाक मारताना शब्दाचं रूप बदलत नाही, हनी मध असो की लाडका लेक, हनी तो हनीच, त्यामुळे सगळा भार त्या बिचाऱ्या स्वल्पविरामावर. आपल्याकडे संबोधन ही आख्खी विभक्ती आहे. बाळ चं बाळा, लेकरू चं लेकरा, सोन्या तर आधीच हाकेच्या रूपात जन्मलाय, मालवणीत झील चं झिला, आणि अनेकवचनात तो 'नो', पोरांनो, बायांनो. 'पाब्लो बाळा' असं विरामचिन्ह न देता लिहा, तरी कुणालाही कळतं की हाक मारली जातेय. अर्थात हेही आता सैल होत चाललंय, 'बाळ, इकडे ये' असं सर्रास ऐकू येतं आणि त्यात मला काही खटकत नाही, आणि माणसांच्या नावांना तर आपण हा प्रत्यय जवळजवळ सोडूनच दिलाय, सचिनला 'सचिना' म्हणून कोण हाक मारतं?

दुसरं म्हणजे लाडाने बोलावताना मराठी आई मधाकडे जात नाही. ती सोन्याकडे जाते, राजाकडे जाते, पिल्लाकडे, कोकराकडे जाते, फार तर गोडुल्या म्हणेल. त्यामुळे माझं मत 'पाब्लो बाळा'ला. 'पाब्लो, सोन्या' पण चालेल, पण मग स्वल्पविराम विसरू नका, नाहीतर सोन्या बापुडा त्याचा भाऊ होऊन बसेल. लेखात नाव मात्र 'पाब्लो हनी' असंच ठेवा, विशेषनाम आहे ते, अर्थ हवा तर पुढच्या वाक्यात सांगा.

पदार्पणाचं पटकन सांगतो. पद अधिक अर्पण, म्हणजे पाऊल ठेवणं, आणि पाऊल बँड ठेवतो, अल्बम नाही. तेव्हा 'रेडिओहेडने १९९३च्या फेब्रुवारीत पाब्लो हनीने पदार्पण केलं' ठीक, 'पदार्पणाचा अल्बम' पण ओढूनताणून ठीक, नुसतं 'पदार्पण अल्बम' मला दोन डबे नुसते शेजारी उभे करून ठेवल्यासारखं वाटतं, मधला 'चा' जोडायला काय पैसे पडतात? आणि खरं तर 'पहिला अल्बम' म्हटलं की काम होतं, ज्याच्यावर 'क्रीप' हे त्यांचं गाजलेलं गाणं आहे तो.