पहिल्यांदा मदतीला निघताना

गाडी भरायच्या आधी गावात कुणाला तरी फोन लाव आणि काय हवंय ते विचार. 30 सप्टेंबर 1993ला पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादकडचं किल्लारी-सास्तूर भूकंपाने हादरलं, तेव्हा आम्हीही न विचारताच निघालो होतो. बरेचसे ट्रक मोठ्या रस्त्यावरच्या गावांतच रिकामे होत होते, आडबाजूच्या वस्तीवर साधी ताडपत्री नव्हती. वापरलेले कपडे तर अजिबात नेऊ नकोस. नऊवारी नेसणाऱ्या म्हातारीपुढे कुणाचा तरी जुना फ्रॉक धरताना मला जी लाज वाटली, ती अजून जात नाही. ताडपत्री, बॅटरी, पाण्याचे ड्रम, सॅनिटरी पॅड ने. गुरांना चारा लागतो, तो हमखास विसरला जातो.

खरं काम मात्र गाड्या परतल्यावर सुरू होतं. तिथे माणसं दगावली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपरांखाली. पुढे 52 गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की झाली, पण सरळ रांगांत. गोठा कुठे बांधायचा, शेत किती लांब पडेल, हे बायांना कुणी विचारलं? जिथे जुनी घरं जागेवरच मजबूत करायची होती, तिथे पुढे गावातल्याच बायांना संवाद सहायक, म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा, म्हणून नेमलं. सिमेंट किती आलं, भूकंपात भिंत फुटू नये म्हणून घातलेला पट्टा नीट बसला का, हे त्या स्वतः बघायच्या. तू गेलास की अशा दोघीतिघींना आधी शोध, आणि यादी त्यांच्याकडूनच लिहून घे.