ब्रिस्बेनमध्ये दोनच दिवस असतील तर कुठे फिरावं?

गाडी भाड्याने घेऊ नका. सरळ नदीवरची सिटीकॅट फेरी पकडा. २०२४ पासून क्वीन्सलँडमध्ये बस, ट्रेन, फेरी सगळ्यांचं तिकीट फक्त ५० सेंट आहे, त्यामुळे वाटेल तिथे चढा-उतरा. युनिव्हर्सिटीच्या धक्क्यावरून नॉर्थशोअर हॅमिल्टनकडे निघालात की नदी वळणं घेत घेत अख्खं शहर दाखवते. जागा मिळाली तर पुढच्या उघड्या डेकवर बसा. १९४० साली खुल्या झालेल्या स्टोरी ब्रिजच्या खालून जाताना मान आपोआप वर होते.

नदीकाठचा साउथ बँक हा भाग चुकवू नका. १९८८ चा वर्ल्ड एक्स्पो इथेच भरला होता. त्यातला कोरीव लाकडाचा नेपाळी पॅगोडा अजून उभा आहे आणि जवळच भर शहरात वाळूचा कृत्रिम किनारा, तोही फुकट. शेजारच्या गोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही सर्वसाधारण प्रवेश मोफतच.

दुसऱ्या दिवशी न्यू फार्म. ऑक्टोबरमध्ये गेलात तर तिथल्या बागेत जॅकरंडाचा जांभळा सडा पडलेला असतो. खाण्यापिण्यासाठी वेस्ट एंड, रात्रीच्या गाण्याबजावण्यासाठी फॉर्टिट्यूड व्हॅली. संध्याकाळी कांगारू पॉइंटच्या कड्यावर जा. समोर सिटीचे दिवे लागताना दिसतात. माझ्या मते माउंट कूथाच्या व्ह्यूपॉइंटपेक्षा हेच सरस, शिवाय जवळ.

कोआला बघायचे तर लोन पाइन हे कोआला अभयारण्य आहे, पण त्यात अर्धा दिवस जातो. आणि डिसेंबर ते फेब्रुवारी शक्यतो टाळा: घामाच्या धारा आणि दुपारनंतर गडगडाटी पाऊस.