प्रमाणपत्रांची फाइल आणि टिपणवही

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात इतिहास विषयात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. विद्यापीठाच्या इतिहास विभागातील व्याख्याने, चर्चासत्रे, परिषदा यांना ती सतत जाते. आतापर्यंत तिच्याकडे अकरा प्रमाणपत्रे जमली आहेत. काही ठिकाणी नोंदणी शुल्कही भरावे लागते. तिला पीएच.डी. करून प्राध्यापक व्हायचे आहे. या धावपळीचा तिला उपयोग होईल, की तिने हा वेळ प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेच्या अभ्यासाला द्यावा? (एक पालक, सातारा जिल्हा)

उत्तर : सप्रेम नमस्कार. व्याख्याने ऐकणे आणि प्रमाणपत्रे जमवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आपल्या पत्रात एकत्र आल्या आहेत, म्हणून त्या आधी वेगळ्या करतो.

प्रमाणपत्रांमागची घाई कोठून आली, हे पाहण्याजोगे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2016 च्या पीएच.डी. नियमावलीनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी संशोधकाला किमान एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि परिषदांमध्ये दोन निबंध वाचणे बंधनकारक होते. त्या गरजेवर चर्चासत्रांचा एक बाजारच उभा राहिला, ज्यात शुल्क भरले की पाच मिनिटांचे निबंधवाचन आणि आयएसबीएन क्रमांकाच्या जाडजूड पुस्तकात चार पाने, असा सौदा मिळू लागला. 2022 च्या नियमावलीने ही सक्ती काढून टाकली. सवय मात्र मागे उरली. शिवाय आपली कन्या अजून एम.ए.ला आहे आणि नेटच्या गुणपत्रिकेत या अकरा कागदांना शून्य स्थान आहे. यूजीसीने 2024 मध्ये पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण ग्राह्य धरण्याचे जाहीर केले, तेव्हा शिष्यवृत्तीविना पात्र ठरणाऱ्यांसाठी या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार ठेवला. तेव्हा नेटच्या अभ्यासाला पर्याय नाही, आणि शुल्क घेऊन केवळ हजेरीचा कागद देणाऱ्या चर्चासत्रांना जाणे तिने आजच थांबवावे.

व्याख्यानांचे मात्र तसे नाही. विभागात बाहेरून आलेला अभ्यासक तासभर बोलतो, तेव्हा पाठ्यपुस्तकात न दिसणारी एक गोष्ट समोर येते : त्याने आपले विधान कोणत्या कागदावर उभे केले आणि तो कागद कितपत भरवशाचा मानला. मी विद्यार्थी असताना वक्त्याचे निष्कर्ष भराभर उतरवून घेत असे आणि घरी आल्यावर त्यांचे काय करायचे ते कळत नसे. साधनांची नावे टिपायला हवीत, हे उमगायला दोन वर्षे गेली. समजा, वक्त्याने पेशवे दप्तरातील एखाद्या पत्राचा आधार दिला, तर गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या निवडक पत्रांच्या 45 छापील खंडांत ते सापडते का, हे ग्रंथालयात बसून पाहता येते. तेथे नसेल, तर मूळ रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदपत्रांचे गठ्ठे, पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, आणि ते वाचण्यासाठी मोडी लिपी शिकावी लागेल. एका व्याख्यानातून निघालेले असे एक काम महिनाभर पुरते, म्हणून महिन्याला एकच व्याख्यान ऐकले तरी चालेल. पुढे मुलाखतीत तिचा विषय विचारला जाईल, तेव्हा उत्तराला वजन येईल ते या टिपणवहीतून.

प्रश्नोत्तरांच्या वेळी तिने गप्प बसू नये. प्रश्नाच्या आधी लहानसे भाषण करण्याची आपल्याकडची खोड टाळून तिने एवढेच विचारावे, की याच घटनेबद्दल दुसऱ्या बाजूची कागदपत्रे उपलब्ध आहेत काय.

मोठ्या परिषदेला जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. इंडियन हिस्ट्री काँग्रेसची सुरुवात 1935 मध्ये पुण्यातच झाली. तिचे अधिवेशन एखाद्या विद्यापीठाच्या यजमानपदाखाली भरते आणि प्राचीन, मध्ययुगीन, आधुनिक अशा विभागांत समांतर सत्रे चालतात. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी, निबंध वाचण्याचा आग्रह न धरता, केवळ श्रोता म्हणून एकदा तेथे जावे. निरनिराळ्या विद्यापीठांत सध्या कोण कशावर काम करत आहे, हे तेथे दोन दिवसांत समजते. आणि मार्गदर्शक निवडताना ही माहिती कोणत्याही संकेतस्थळापेक्षा अधिक उपयोगी पडते. चहाच्या सुट्टीत सत्राध्यक्षांशी झालेले दहा मिनिटांचे बोलणे कधीकधी सबंध सत्रापेक्षा मोलाचे ठरते.

आपल्या मनातील आणखी एक शंका पत्रात ओळींच्या मध्ये दिसते : संशोधन ही तिची आवड आहे, की मैत्रिणींबरोबरची हौस? प्राध्यापकाच्या कायम जागा कमी निघतात आणि वाट लांब असते, त्यामुळे ही शंका रास्त आहे. ती सुट्टीत घरी येईल तेव्हा प्रमाणपत्रांची फाइल बाजूला ठेवून, शेवटच्या व्याख्यानात कोणता मुद्दा तिला पटला नाही आणि तो तपासण्यासाठी ती कोणती साधने पाहणार आहे, एवढेच तिला विचारा. ती अर्धा तास बोलत राहिली, तर पुढची दोन-तीन वर्षे तिला आधार द्यायला हरकत नाही. उत्तर एका वाक्यात संपले, तर नेटसोबत स्पर्धा परीक्षा, पुराभिलेख आणि वस्तुसंग्रहालये यांतील वाटांचा विचार एम.ए. पूर्ण होण्याआधीच सुरू करावा. त्यासाठी तिच्याशी बोलून आपण मला पुन्हा लिहावे.