मुलाला दर पंधरा दिवसांनी सर्दी होते. प्रतिकारशक्ती वाढवायला कोणतं औषध द्यावं?

साडेतीन वर्षांचा मुलगा, जूनपासून नर्सरीत जायला लागला आणि तेव्हापासून सर्दी-खोकला, अधूनमधून ताप, असं तुम्ही लिहिलंय. घरच्यांच्या मते ‘याची इम्युनिटीच कमी आहे’, म्हणून एखादं चांगलं सिरप किंवा काढा सुचवा म्हणताय. मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण शाळा सुरू झाल्या की हा प्रश्न माझ्या काउंटरवर रोज येतो, आणि बहुतेक वेळा आजीच विचारते.

लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ सर्द्या होणं नेहमीचं आहे. पाळणाघरात, बालवाडीत जाणाऱ्यांना पहिल्या वर्षी दहा-बाराही होतात. मोठ्या माणसाला दोन-तीन. एक सर्दी सात ते दहा दिवस चालते आणि खोकला तिच्या मागे दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. पावसाळ्यात पाच-सहा सर्द्या झाल्या आणि प्रत्येकीचा खोकला पंधरवडाभर टिकला, तर ‘याचं नाक कधी कोरडंच नसतं’ ही आजीची तक्रार शंभर टक्के खरी ठरते. तरीही मूल ठणठणीत असू शकतं.

इतक्या वेळा का होते? कारण ‘सर्दी’ हा एक आजार नाही. सर्वांत जास्त सर्द्या ज्याच्यामुळे होतात त्या रायनोव्हायरसचेच १६० हून अधिक प्रकार माहीत आहेत. शिवाय आरएसव्ही, अॅडेनो, पॅराइन्फ्लुएन्झा, जुने साधे कोरोना विषाणू वेगळेच. एका गावाचा रस्ता पाठ झाला म्हणून दुसऱ्या गावचा येत नाही, तसं एका प्रकाराची ओळख दुसऱ्याच्या वेळी फारशी कामाला येत नाही. आईकडून वारेतून मिळालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) साधारण सहा महिन्यांत ओसरतात. त्यानंतर मुलाला स्वतःची प्रतिपिंडं स्वतःच तयार करावी लागतात, आणि नर्सरीच्या एका खोलीत वीस घरांतले विषाणू एकदम भेटतात.

आता ‘इम्युनिटी वाढवणं’ म्हणजे नक्की काय वाढवायचं, ते बघू. विषाणू नाकाच्या आतल्या पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडते, आणि शेजारच्या पेशी सावध होऊन विषाणूची वाढ अडवायला लागतात. आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी १९५७ मध्ये लंडनमध्ये हे शोधलं. ही पहिली फळी काही तासांत उभी राहते. त्या विशिष्ट विषाणूला नेमकं ओळखणाऱ्या टी पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी तयार व्हायला मात्र आठवडाभर किंवा जास्त लागतो. त्यातल्या काही पेशी तोच विषाणू पुन्हा आला तर ओळखायला स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. नाक वाहणं, सूज येऊन चोंदणं, घसा दुखणं, ताप येणं यातलं बरंचसं काम विषाणूचं नसून या प्रतिकाराचंच असतं. म्हणजे ज्याला आपण ‘इम्युनिटी कमी’ म्हणतो, तिथे ती आपलं काम करत असते.

मग हा प्रतिकार बाहेरून वाढवला तर? हा प्रयोग खरोखरच झालेला आहे. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीजवळ १९४६ पासून चाळीसेक वर्षं फक्त सर्दीवर संशोधन करणारं केंद्र होतं. माणसं स्वखुशीने तिथे येऊन राहत आणि नाकात विषाणूचे थेंब घालून घेत. (सुट्टी घालवायची ही तऱ्हा मला अजून पचलेली नाही.) १९७० च्या दशकात तिथे नाकात इंटरफेरॉन फवारून पाहिलं आणि सर्दी टळली. सगळे हरखले. पुढे ठिकठिकाणी जास्त दिवस फवारणी करून पाहिल्यावर लोकांची नाकं चोंदायला लागली, शेंबडात रक्त दिसायला लागलं. टाळायची होती सर्दी, आणि औषधाने आणलं सर्दीसारखंच दुखणं. म्हणून ‘इम्युनिटी बूस्टर’ लिहिलेला डबा कुणी मागितला की मला सॉल्झबरी आठवतं. डब्यात अर्थात इंटरफेरॉन नसतं. बहुतेक वेळा साखर, क जीवनसत्त्व आणि झाडपाल्याचा अर्क असतो. २०२० नंतर अशा डब्यांना दुकानात वेगळा कप्पा करावा लागला. मी ते ठेवतो आणि विकतोही. पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, घेऊ नका.

क जीवनसत्त्वावर भरपूर अभ्यास झालेत. रोज घेतल्याने सर्वसामान्य माणसांच्या सर्द्यांची संख्या कमी होत नाही. सर्दीचा काळ थोडा घटतो, मोठ्यांत सुमारे ८ टक्के, मुलांत १४ टक्के. म्हणजे दहा दिवसांच्या सर्दीत दीड दिवससुद्धा नाही. सर्दी झाल्यावर सुरू केलं तर तेवढाही भरवशाचा फायदा दिसत नाही. पेरू, लिंबू, आवळा खाऊ घाला, त्याला कोण नाही म्हणेल! गुळवेलीचा काढा मात्र मुलाला रोज देऊ नका. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. वाद असलेली वस्तू साडेतीन वर्षांच्या मुलावर कशाला आजमावायची? खोकल्याला झोपताना चमचाभर मध चालेल. फक्त एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही.

खोकल्याच्या सिरपबद्दल जरा कडक बोलतो. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याला डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देत नाहीत. भेसळीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी या वयात त्यांचा उपयोग नगण्य आहे. मागच्या वेळची उरलेली बाटली कपाटातून काढून देणं तर बंदच करा.

‘शेंबूड हिरवा झालाय, एखादी अँटिबायोटिक द्या की’ असंही रोज ऐकतो. हिरवा रंग पांढऱ्या पेशींतल्या एका लोहयुक्त विकराचा (एन्झाइमचा) असतो. त्यावरून जिवाणूसंसर्ग आहे असं ठरत नाही, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. पाकिटावरची लाल रेघ त्यासाठीच आहे, चिठ्ठीशिवाय देऊ नये.

उपयोग कशाचा होतो? सर्वांत आधी झोपेचा. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १६४ निरोगी प्रौढांच्या नाकात रायनोव्हायरसचे थेंब घातले. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. तुमच्या मुलाच्या वयाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप हवी. रात्री अकरापर्यंत मोबाइल आणि सकाळी सातला रिक्षा, यात ती बसत नाही.

मग हात. शाळेतून आल्याबरोबर आणि जेवणाआधी साबण लावून वीस सेकंद चोळायचे. सॅनिटायझरवर विसंबू नका. फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूंना चरबीचं वेष्टण असतं, ते अल्कोहोलने मोडतं. रायनोव्हायरसला वेष्टणच नाही, त्यामुळे तो सॅनिटायझरला तितकासा दाद देत नाही. घरात सगळ्यांना मिळून एकच नॅपकिन असेल तर तोही बदला. पावसाळ्यात खिडक्या गच्च बंद करतो आपण, निदान एक उघडी ठेवा. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तर मुलाच्या खोकल्याचं मोठं कारण तिथे असू शकतं.

साध्या सर्दीवर लस नाही. फ्लूवर आहे. बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना ती दरवर्षी द्यायला सांगते. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जास्त असतो, म्हणून ती मे-जूनच्या सुमारास घेतलेली बरी. विषाणू बदलत राहतो, लसही बदलते, म्हणून दरवर्षी.

डॉक्टरांकडे ताबडतोब कधी न्यायचं ते लिहून फ्रिजवर लावा. मूल शांत असताना मिनिटाला चाळीस किंवा जास्त श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, पाणीही न पिणं, लघवी कमी होणं, सुस्त पडणं, ताप तीन दिवसांपुढे जाणं. यातलं एकही असेल तर माझ्या काउंटरवर थांबू नका.

प्रतिकारशक्ती खरोखर कमी असलेली मुलंही असतात, थोडी, पण असतात. त्यांचं चित्र वेगळं दिसतं. वर्षात दोनदा न्यूमोनिया, पुन्हा पुन्हा कान फुटणं, अँटिबायोटिक महिना-दोन महिने देऊनही गुण न येणं, तोंडात न हटणारी पांढरी बुरशी, वजन न वाढणं, जवळच्या नात्यात असा आजार असणं. यातलं काही जुळत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगा, ते रक्तातली इम्युनोग्लोब्युलिन्स (म्हणजे प्रतिपिंडंच) तपासायची का ते ठरवतील. जुळत नसेल तर पुढच्या भेटीत लसीकरणाचं कार्ड न्या, वजन-उंची नोंदवून घ्या, आणि दोन सर्द्यांच्या मधल्या दिवसांत तो खातो-खेळतो कसा ते डॉक्टरांना सांगा.