वाचक विचारतात: वायोमिंगला जाताना

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याबद्दल थोडं लिहिलं होतं, नवऱ्याच्या नोकरीमुळं आम्ही तिथल्या लॅरमी गावात बरीच वर्षं राहिलो म्हणून, आणि त्यावर खानापूर, निपाणी, संकेश्वर सगळीकडनं इतके प्रश्न आले की एका अंकात बसायचे नाहीत. त्यातले चार घेतलेत. आधी एवढंच डोक्यात घ्या की आपल्या बेळगाव जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेला जवळपास 48 लाख लोक होते, आणि अख्ख्या वायोमिंग राज्यात 2020 ला 5 लाख 77 हजार. जागा मात्र अडीच लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे पूर्ण कर्नाटकापेक्षा मोठी. खाली जे काही सांगतेय ते सगळं यातनंच निघतंय.

प्रश्न: ताई, माझी मुलगी बेळगावात एमबीबीएस करून अमेरिकेला गेली, तिथली रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं पुढचं ट्रेनिंग, आता संपत आली, आणि व्हिसाच्या नियमामुळं तीन वर्षं वायोमिंगच्या रिव्हर्टन नावाच्या गावात नोकरीला जाऊलीय. नकाशात बघितलं तर आजूबाजूला काहीच नाही. एकटी पोरगी, आम्हा दोघांना झोप नाही. तुम्ही राहून आलाय, खरं काय ते सांगा, जाऊ दे का नको? – एक वडील, खानापूर

उत्तर: काका, जाऊ दे. आणि का ते सविस्तर सांगते, कारण तुमची काळजी खोटी नाही, फक्त ती चुकीच्या गोष्टीची आहे.

तुमची मुलगी बहुतेक कॉनरॅड 30 नावाच्या योजनेतनं जातेय. जे-1 व्हिसावर रेसिडेन्सी केलेल्या परदेशी डॉक्टरला नियमानं दोन वर्षं मायदेशी परत यावं लागतं, पण जिथं डॉक्टर कमी आहेत अशा भागात तीन वर्षं फुल टाइम काम केलं तर ती अट माफ होते, आणि प्रत्येक राज्याला वर्षाला असे 30 डॉक्टर घेता येतात. वायोमिंगला स्वतःचं मेडिकल कॉलेजच नाही, तिथली मुलं वॉशिंग्टन राज्याच्या युनिव्हर्सिटीशी असलेल्या करारातनं डॉक्टर होतात. त्यामुळं बाहेरनं आलेल्या डॉक्टरची तिथं खरीच गरज असते आणि लोक ते बोलून दाखवतात. तिच्याकडं येणारा पेशंट शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवून आलेला असेल, तो उगीच सर्दीसाठी येत नाही. सिरियस केस असली की हेलिकॉप्टर नाहीतर छोट्या विमानानं कॅस्परला, डेन्व्हरला, सॉल्ट लेक सिटीला पाठवतात, आणि वादळ असलं की तेही उडत नाही, मग जे करायचं ते हातातल्या सामानावर. डॉक्टर म्हणून ती तिथं खूप शिकेल, हे मी अगदी मनापासून सांगते.

आता गाव. रिव्हर्टन दहा-अकरा हजार वस्तीचं आहे, आपल्याला हे लहान वाटतं पण वायोमिंगच्या हिशोबात बरंच मोठं, सुपरमार्केट आहे, छोटा विमानतळ आहे, डेन्व्हरला विमान जातं. भोवती विंड रिव्हर रिझर्वेशन आहे, म्हणजे ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो या मूळ रहिवासी लोकांचा प्रदेश, तिचे कितीतरी पेशंट त्यातलेच असतील. तिला सांगा की पहिल्या महिन्यातच त्यांचा इतिहास समजून घे, त्यांचे पाववाव, म्हणजे नाच-गाण्याचे मेळावे, बघायला जा, परक्या डॉक्टरनं एवढी तसदी घेतली हे पेशंटला लगेच कळतं.

एकट्या मुलीचं म्हणाल तर, बायकांना मतदानाचा हक्क वायोमिंगनं 1869 सालीच दिला, तेव्हा ते राज्यसुद्धा झालं नव्हतं. 1870 ला एस्थर हॉबार्ट मॉरिस नावाची बाई साऊथ पास सिटीत न्यायाधीश झाली, अमेरिकेतली त्या पदावरची पहिली बाई, आणि ते साऊथ पास सिटी तुमच्या मुलीच्या काउंटीतच, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातच आहे, फ्रीमॉंटमध्ये. एकटी बाई ट्रक चालवतेय, गुरं हाकतेय, यात तिथं कुणाला नवल नाही.

काळजी करायची ती रस्त्याची. रिव्हर्टन ते कॅस्पर साधारण 190 किलोमीटर, मध्ये शोशोनी नावाचं छोटं गाव सोडलं तर पेट्रोल मिळेल असं धरूनच चालायचं नाही, फोनला रेंज नसलेले पट्टे आहेत, आणि संध्याकाळी हरणं आणि प्रॉन्गहॉर्न नावाचे हरणासारखेच प्राणी रस्त्यावर येतात. म्हणून हिवाळ्यात टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. गाडीत जाड ब्लँकेट, पाणी, सुकं खाणं, टॉर्च, फावडं, जंपर केबल हे ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत कायम ठेवायचं. टायर बर्फाचेच घ्यायचे, पैसे वाचवायची ही जागा नव्हे. निघताना कुणाला तरी सांगायचं, इतक्या वाजता निघाले, इतक्या वाजता पोचते. आणि अडकलीच तर गाडी सोडून चालत जायचं नाही, हे तिच्याकडनं वदवून घ्या. गाडी सापडते, वादळात चालत गेलेला माणूस सापडायला उशीर होतो. इंजिन तासातनं दहाएक मिनिटं चालू करायचं, पण त्याआधी सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं नाही ना बघायचं, नाहीतर विषारी धूर आत येतो. राहिलं थंडीचं, तर ती कपड्यानं आवरते, तिचा एवढा बाऊ करू नका.

एकटेपणा येणार, ते मी लपवत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत साडेपाचला काळोख, बाहेर वारा, आणि आपल्या भाषेत बोलायला कुणी नाही. पण तिथले लोक घुमे नाहीत हो, ते थांबतात, तुम्ही आधी बोलायची वाट बघतात. रस्त्यावर समोरनं येणारा स्टिअरिंगवरनं एक बोट उचलून ओळख देतो, आपणही उचलायचं. लायब्ररीत जायचं, हायस्कूलच्या बास्केटबॉल मॅचला जायचं, हिवाळ्यात अर्धं गाव तिथंच असतं. शेजाऱ्याला एकदा डबाभर काही करून दिलं की तो तुमच्या दारातला बर्फ न सांगता काढून जातो, हे मी अनुभवलंय. तासाभरावर थर्मोपोलिस गाव आहे, तिथं गरम पाण्याचे झरे आहेत आणि सरकारी स्नानगृहात फुकट डुंबता येतं, कारण 1896 ला शोशोनी आणि अरापाहो लोकांनी ते झरे सरकारला देताना लोकांसाठी ते मोफत राहावेत असं ठरलं. थकलेल्या डॉक्टरला यापेक्षा चांगला रविवार नाही.

आणि फोन. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागं, उन्हाळ्यात साडेअकरा. तुमचा सकाळचा साडेआठचा चहा म्हणजे तिचे हिवाळ्यातले रात्रीचे आठ. ती वेळ ठरवून ठेवा, पण एखाद दिवशी फोन आला नाही तर लगेच घाबरू नका, ड्यूटी लांबली असेल.

प्रश्न: मला लॅरमीच्या युनिव्हर्सिटी ऑफ वायोमिंगमध्ये एमएसला ॲडमिशन मिळालंय. गाडी लागतेच का? आणि उंचीचा त्रास होतो म्हणतात ते खरं का? – एक विद्यार्थी, वडगाव, बेळगाव

उत्तर: अभिनंदन रे. युनिव्हर्सिटी 1886 सालची, गाव सुटसुटीत, कॅम्पसच्या जवळ खोली घेतलीस तर पहिलं वर्ष गाडीशिवाय आरामात निघतं. इंडियन किराणा मात्र मोठ्या गावातच, फोर्ट कॉलिन्स नाहीतर डेन्व्हरकडं, ते पोरं मिळून जातात.

उंचीचं खरं आहे. बेळगाव साधारण 750 मीटरवर, लॅरमी जवळजवळ 2,200 मीटरवर. पहिला आठवडा जिना चढताना धाप लागेल, डोकं दुखेल, पाणी पीत राहा आणि लगेच पळायला जाऊ नकोस. हवा इतकी कोरडी की नाकातनं रक्त येतं, नाकपुडीला आतनं खोबरेल तेलाचं बोट लावायचं. पाणी 93 डिग्रीच्या आसपासच उकळतं त्यामुळं उघड्या पातेल्यात डाळ शिजायचं नावच घेत नाही, बॅगेत एक छोटा कुकर टाकच.

खरी गोष्ट सांगायची ती आय-80 हायवेची. लॅरमीवरनं पश्चिमेला रॉलिन्सकडं जाणारा त्याचा पट्टा एल्क माउंटनच्या पायथ्यानं जातो. जुना रस्ता उत्तरेकडनं वळसा घेऊन मेडिसिन बोवरनं जायचा, नवा काढताना तिथल्या रँचवाल्यांनी, म्हणजे मोठ्या रानात गुरं पाळणाऱ्यांनी, इंजिनिअर लोकांना सांगितलं होतं की इथनं नेऊ नका, इथं वारा वाईट आहे. ऐकलं नाही. ऑक्टोबर 1970 ला रस्ता सुरू झाला आणि थोड्याच दिवसात बर्फानं बंद पडला. पुढं मैलच्या मैल लाकडी कुंपणं उभारावी लागली, वाऱ्यानं वाहणारा बर्फ रस्त्यावर यायच्या आधी अडवायला, आणि आजही हिवाळ्यात तो रस्ता कितीदा बंद होतो. गंमत म्हणजे वर निळं आभाळ असतं, नवीन बर्फ पडतच नसतो, आधी पडलेलाच बर्फ वारा जमिनीलगत असा उडवतो की स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नाही. त्यामुळं खिडकीतनं ऊन दिसलं म्हणून निघायचं नाही, आधी 511 वर, म्हणजे तिथल्या रस्त्यांच्या माहितीच्या सेवेवर, रस्त्याची स्थिती बघायची. हायवेवर चढायच्या रॅम्पवरचं फाटक पाडलेलं असलं की विषय संपला. पेपर असो, विमान असो, इंटरव्ह्यू असो, थांबायचं. तिथं कुणीही, रोड क्लोज्ड होता म्हटल्यावर, तुला दुसरा प्रश्न विचारत नाही.

एक तुझ्यासाठी. वायोमिंगच्या नंबर प्लेटवर सुरुवातीला काउंटीचा आकडा असतो, लॅरमी गावच्या गाड्यांना 5. आपल्या केए 22 वरनं जसा बेळगावचा गडी कळतो तसंच तिकडं. आणि तिथं 22 म्हणजे टीटन काउंटी, सगळ्यात सुंदर डोंगर तिथंच आहेत, सुट्टीत बघून ये.

प्रश्न: आम्ही दोघं रिटायर्ड शिक्षक. मुलगा डेन्व्हरला असतो. यलोस्टोन बघायची फार इच्छा. दिवाळी झाली की नोव्हेंबरमध्ये जावं म्हणतो, दोन दिवस पुरतील ना? – एक जोडपं, निपाणी

उत्तर: सर, मॅडम, नोव्हेंबर नको. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पार्कचे बहुतेक रस्ते गाड्यांना बंद होतात ते एप्रिलच्या मध्यापर्यंत, उत्तरेकडचा गार्डिनर ते कुक सिटी एवढाच रस्ता वर्षभर चालू असतो. जूनचा दुसरा पंधरवडा नाहीतर सप्टेंबर धरा. जुलै-ऑगस्टला गर्दी फार. गणपती घरी करून सप्टेंबरच्या मध्याला निघालात तरी चालतंय, पण तेव्हाही स्वेटर, कानटोपी हवीच, पार्क 2,400 मीटरच्या आसपास आहे आणि सप्टेंबरात बर्फ पडू शकतो.

दोन दिवस अजिबात पुरत नाहीत. डेन्व्हरहून नुसतं पोचायलाच आठ-नऊ तास, म्हणजे एक पूर्ण दिवस जायला, एक यायला. पार्कात तीन मुक्काम तरी करा. आतल्या खोल्या कितीतरी महिने आधी भरतात, तर मुलाला आजच बुकिंगला बसवा, आणि फीचंही बघायला सांगा कारण परदेशी पाहुण्यांना ती जास्त आहे. मेडिकल इन्शुरन्सशिवाय विमानात बसू नका, आणि बीपी-शुगरची औषधं प्रिस्क्रिप्शनसकट हातातल्या बॅगेत.

1872 ला स्थापन झालेलं हे जगातलं पहिलं नॅशनल पार्क. ओल्ड फेथफुल कारंजं साधारण दीड तासानं उडतं, पुढची अंदाजे वेळ बोर्डावर लिहिलेली असते, बाकावर निवांत बसून बघा. लाकडी वाटेवरनं पाय खाली टाकायचा नाही, वरनं जमीन घट्ट दिसते पण पातळ पापुद्रा असतो आणि खाली उकळतं पाणी, माणसं मेलीत त्यात. बायसन म्हशीसारखा गरीब चेहऱ्याचा दिसतो, पण 25 यार्ड लांब राहायचं, अस्वल आणि लांडग्यापासनं 100 यार्ड. फोटोसाठी कुणी पुढं बोलावलं तरी जायचं नाही. बघायला एवढं आहे की लांबनंही डोळे भरतात.

प्रश्न: तिकडं शेती कशी करतात? ऊस होतो का? – एक शेतकरी, संकेश्वर

उत्तर: ऊस नाही भाऊ, पण साखर होते. बिगहॉर्न खोऱ्यात वर्लंड, लव्हेल या भागात शुगर बीट लावतात, वसंतात पेरायचं आणि कडाक्याची थंडी यायच्या आत सप्टेंबर-ऑक्टोबरला जमिनीतनं काढायचं, नदीच्या कालव्याचं पाणी, आणि गावाजवळ साखर कारखाना. हंगामात कारखान्याकडं ट्रकची रांग लागते, तुम्हाला अगदी ओळखीचं वाटेल.

बाकी सगळा गुरांचा धंदा. रिव्हर्टनकडं वर्षाला पाऊस दोनशे मिलिमीटरच्या थोडा वर, तेवढा आपल्या कणकुंबीला जुलैत सहज पडून जातो, त्यामुळं एका गाईला चरायला कितीतरी एकर लागतात. सरासरी शेत-रँच दोन हजार एकरांच्या वर, आणि तरी तेवढ्यावर भागत नाही म्हणून सरकारी जमीन चराईसाठी भाड्यानं घेतात, राज्याची जवळपास निम्मी जमीन केंद्र सरकारची आहे. एवढं मोठं रान, पण माणूसबळ नाही, तर गुरांना ओळखीचा डाग द्यायच्या दिवशी आजूबाजूचे सगळे रँचवाले एकमेकांकडं फिरून काम करतात, मजुरी नाही, जेवण मात्र ज्याचं काम त्याच्या घरचं. आपल्याकडं पूर्वी सावड करायचे ना, तिकडं ती अजून चालू आहे. कधी जाणं झालंच तर मे महिन्यात जा, ब्रँडिंग तेव्हाच असतं, आणि आधी फोन करून विचारा, कुणाच्या रानात न विचारता शिरलेलं तिथं कुणालाच खपत नाही.