पीएसआय, एलएलबी की थेट जॉर्जिया?

साताऱ्याच्या एका मुलाचा मेल आलाय, टीवाय बीए, राज्यशास्त्र. रीलमध्ये त्याने बघितलं की जॉर्जियाने सगळे ट्रॅफिक पोलीस एका झटक्यात काढले आणि लाचखोरी संपली. आता त्याला तिकडे जाऊन यावरच मास्टर्स करायचंय आणि बाबा म्हणतायत पीएसआयची तयारी कर.

हे बघ, रील खोटी नाहीये पण अर्धी आहे. सोव्हिएत युनियन फुटल्यानंतर तिथे पोलिसांना पगार तुटपुंजा, मग रस्त्यात गाडी अडवायची, पैसे काढायचे, त्यातला वाटा वर पोचवायचा, आणि ती नोकरीसुद्धा पैसे मोजूनच मिळायची, म्हणजे खालचे चार पोलीस सस्पेंड करून काय होणार होतं. २००३ च्या नोव्हेंबरात लोकांनी आंदोलन करून सरकार पाडलं, त्याला गुलाब क्रांती म्हणतात, राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झे गेले, त्यांच्या जागी साकाश्विली आले, आणि २००४ मध्ये सुमारे १६,००० ट्रॅफिक पोलीस घरी बसवले. नवीन भरती परीक्षा घेऊन केली, पगार जवळपास दहापट, आणि पोलीस स्टेशनं चक्क काचेची बांधली, रस्त्यावरनं आतलं दिसावं म्हणून. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल ही संस्था भ्रष्टाचारावरून देशांची क्रमवारी लावते, वरचा नंबर म्हणजे कमी भ्रष्टाचार, तिच्या यादीत २००३ ला १२४ वा असलेला देश २०१२ ला ५१ वा.

रील इथे संपते. त्याच २०१२ च्या सप्टेंबरात राजधानी तिब्लिसीच्या ग्लदानी तुरुंगात कैद्यांचा छळ चाललेले व्हिडिओ टीव्हीवर आले, लोक रस्त्यावर उतरले आणि पुढच्याच महिन्यात साकाश्विलींचा पक्ष निवडणूक हरला. पोलिसांनी पैसे खाणं सोडलं होतं पण ते सरकारच्या मुठीतच राहिले, आणि कोर्टातून निर्दोष सुटणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे लोक गुन्हा कबूल करून, तडजोडीत दंड भरून बाहेर यायचे आणि तो पैसा सरकारी तिजोरीत. मला तर ही पावती देऊन केलेली वसुलीच वाटते, असो. २०२४ च्या शेवटी तिब्लिसीत आंदोलनं पेटली तेव्हाही पोलिसांनी बेदम मारल्याच्या तक्रारी आल्याच.

म्हणून आधी हे ठरव की तुला लाच बंद करण्यात इंटरेस्ट आहे की पोलिसांना कायद्याच्या ताब्यात ठेवण्यात. दुसरं असेल, आणि तुझ्या मेलवरनं मला तसंच वाटतंय, तर आधी तीन वर्षांचं एलएलबी कर, सीईटी देऊन. फौजदारी कायदा कळल्याशिवाय पोलीस सुधारणांवर बोलणं म्हणजे नुसत्या गप्पा. जॉर्जियाला आपली मुलं जातात ती बहुतेक एमबीबीएसला, एजंटलाही तेवढंच माहीत असतं, त्यामुळे त्याच्या हातात एक रुपया देऊ नकोस. एलएलबी पुण्यात केलंस तर सोबत रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शीक, सोव्हिएत काळातलं बरंच काही त्याच भाषेत आहे. आणि पोलीस सुधारणांवरचा सुप्रीम कोर्टाचा २००६ चा प्रकाश सिंग निकाल वाच, त्यातलं महाराष्ट्राने किती पाळलं यावर वीस पानं लिहून काढ, पुढे परदेशात मास्टर्सला अर्ज करताना हातात काहीतरी दाखवायला असेल.

बाबांशी भांडू नकोस. पीएसआयची परीक्षा पदवीवर देता येते, एलएलबी करता करता देऊन बघ. आणि सीईटीचा फॉर्म सुटला की लगेच भर, शेवटच्या दिवशी साइट हँग होते.