एकट्या बाई, दोन वर्ग आणि एक स्वमग्न मुलगा

"थेरपी सेंटरवर एका मुलामागे एक ताई असते. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र आणि मी एकटी. ह्याच्यासाठी वेगळं करत बसले तर बाकीच्यांना शिकवू कधी?"

मालवणजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा हा प्रश्न. थोड्याफार फरकाने बहुतेक शिक्षक मला हेच विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे.

मुलगा तिसरीतला. आईचं म्हणणं, "माझो झील घराक बरो आसता, शाळेत गेलो की कानार हात ठेवन बसता." थेरपी सेंटरने दिलेली जाड फाईल बाईंच्या टेबलावर होती. बाईंनी ती प्रामाणिकपणे वाचलीही होती, म्हणूनच जास्त घाबरल्या होत्या.

मी म्हटलं, यातलं समोरासमोर बसून करायचं काम सेंटरवरच राहू दे. वर्गात एवढंच आणा: आता काय, मग काय आणि काम संपलं कधी, हे त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मानसशास्त्रज्ञ एरिक शॉप्लर यांच्या कामातून उभी राहिलेली, स्वमग्न मुलांना शिकवण्याची 'टीच' (TEACCH) पद्धत 1972 पासून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात याच पायावर चालली, आणि तिचे वर्ग तिथल्या सरकारी शाळांतही भरले.

बाईंनी मोबाईलवर फोटो काढले: परिपाठाची रांग, गणिताचं पुस्तक, खिचडीचं ताट, मैदान. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट आणून फळ्याच्या कडेला ओळीने लावले. तास संपला की एक मूल उठून तो फोटो खालच्या डब्यात टाकतं. फोटो सगळ्या वर्गासाठीच लावले. "बाई, सुट्टी कधी?" ही दिवसभराची भुणभुण त्यामुळे कमी झाली, हा बाईंना मिळालेला वरचा फायदा. त्याच्या बाकावर मात्र दोनच चित्रं, 'आधी' आणि 'मग'. उदाहरणं डावीकडच्या ट्रेमध्ये, सोडवून झाली की उजवीकडच्या. डावा ट्रे रिकामा म्हणजे काम संपलं.

सूचनांचं जरा अवघड गेलं. "वह्या काढा, तारीख घाला, पान उघडा" हे बाई एका दमात म्हणत. आता एक सूचना देतात आणि मनात दहा आकडे मोजून थांबतात. तेवढ्यात त्याचा हात वहीकडे जातो. आधीच पुन्हा सांगितलं की त्याला पहिल्यापासून ऐकावं लागतं.

सेंटरवर बक्षीस म्हणून वेफर्स मिळत. वर्गात ते कसं चालेल? या मुलाला भरती-ओहोटीच्या वेळांचं वेड आहे, म्हणून 'मग'च्या जागी भरतीचं कोष्टक आलं. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते. उद्याची वेळ काढायला तो तास-मिनिटांची बेरीज करू लागला, आणि चौथीतली पागी-गाबतांची, म्हणजे मासेमारांची, मुलं त्याच्या भोवती जमून उत्तर बरोबर की चूक सांगू लागली. फाईलमध्ये 'समवयस्कांशी संवाद' नावाचं एक अख्खं पान होतं.

चित्रांची सवय लागेल, ही आईची धास्ती. आपण भिंतीवरची दिनदर्शिका बघतो, त्याने काय बिघडतं?

पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की तो अजूनही कान झाकतो. त्यासाठी व्हरांड्यातून आतली, भिंतीकडची जागा आणि कानाला लावायचे मफ ठेवलेत. परिपाठाला तो स्पीकरपासून लांब, रांगेच्या शेवटी उभा राहतो. शाळेची खिचडी तो खात नाही, घरचा डबा खातो. त्या सवयीला आम्ही या वर्षी हात लावलेला नाही.